विंटर टायर म्हणजे बर्फाचा टायर नव्हे: समर, विंटर आणि ऑल सीझनचा घोळ

थंडीची चाहूल लागली की गाडीवाल्यांमध्ये दरवर्षी तीच चर्चा नव्याने सुरू होते, टायर बदलायचे का आणि बदलायचे तर कुठले घ्यायचे. एकजण म्हणतो बर्फच पडत नाही तिथे विंटर टायर म्हणजे पैसे पाण्यात, दुसरा म्हणतो ऑल सीझन टाक आणि विसरून जा, तिसऱ्याची फोर व्हील ड्राइव्ह असते त्यामुळे त्याला कशाचीच गरज नसते, आणि ज्याने थंड भागात पहिल्यांदाच गाडी घेतलीय तो बिचारा हे सगळं ऐकून आणखीच गोंधळतो. मीही त्यातलाच होतो. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की निम्मा गोंधळ नावानेच घातलाय. 'विंटर टायर' म्हटलं की डोळ्यासमोर बर्फ येतो, आणि बर्फ नसला की आपण निवांत होतो. खरं तर विचार आधी रबराचा करायला हवा, बर्फाचा नंतर.

थंडीत रबराचं काय होतं

शाळेतलं खोडरबर आठवा. नवं मऊ असतं तेव्हा कागद धरून नीट पुसतं, तेच जुनं होऊन कडक झालं की नुसतं घसरतं आणि वर काळा डाग पाडतं. टायरचं अगदी तसंच आहे. डांबरी रस्ता लांबून सपाट दिसतो पण जवळून पाहिला तर खडबडीत असतो, सगळी खडी वर आलेली, मध्ये बारीक खड्डे. मऊ रबर त्या खड्ड्यांत थोडंथोडं शिरतं आणि खडीला धरून ठेवतं, त्यालाच आपण ग्रिप म्हणतो. आणि ही पकड किती जागेत होते माहितीये? एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा. म्हणजे दीड टनाची गाडी चार तळहातांवर उभी असते, त्याच चार तळहातांवर वळते आणि थांबते पण.

तापमान उतरलं की रबर कडक व्हायला लागतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, टायर कालच्यासारखाच काळा आणि गोल. हे कडक होणं किती घातक ठरू शकतं ते १९८६ साली अख्ख्या जगाने पाहिलं. चॅलेंजर यान उडाल्यावर सव्वा मिनिटाच्या आतच फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती, आणि रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग थंडीने कडक झाल्यामुळे फट वेळेवर बंद करू शकली नव्हती. चौकशीच्या वेळी रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने त्याच रबराचा तुकडा चिमट्यात दाबून समोरच्या ग्लासातल्या बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच पूर्ववत झालंच नाही. शून्य अंशाला. टायरचं रबर वेगळं असतं हे मान्य, पण तत्त्व तेच.

टायर कंपन्या रबरात काय काय मिसळतात त्या मिश्रणाला कंपाऊंड म्हणतात, आणि समर आणि विंटरमधला पहिला फरक हा कंपाऊंडचा आहे. समरचं कंपाऊंड असं केलेलं असतं की तापलेल्या रस्त्यावरही ते लिबलिबीत होऊ नये. विंटरच्या कंपाऊंडमध्ये नैसर्गिक रबर आणि सिलिका जास्त घालतात, म्हणजे उणे तापमानातही ते लवचिक राहतं. सिलिका म्हणजे वाळूच्याच जातीतला अतिशय बारीक केलेला पदार्थ. १९९२ मध्ये मिशेलिनने सिलिकावाले टायर बाजारात आणले आणि पुढे बाकीच्यांनीही तोच रस्ता धरला.

ती ७ अंशांची भानगड

तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की विंटर लावा, असं तुम्ही ऐकलं असेल. हा ढोबळ नियम आहे. म्हणजे ७.१ ला समर टायर देवासारखा आणि ६.९ ला राक्षस होतो असं काही नाही. समर टायर थंडीत हळूहळू कडक होत जातो आणि साधारण या आकड्याच्या आसपास, विशेषतः ओल्या रस्त्यावर, विंटरचं पारडं जड व्हायला लागतं. कोरड्या रस्त्यावर चांगला समर टायर त्याच्याही खाली बऱ्यापैकी टिकून राहतो.

पण या आकड्याचा एक मोठा उपयोग आहे, तो तुमची नजर आभाळावरून थर्मामीटरवर आणतो. बर्फ पडलाय की नाही हे गौण. सकाळी सात वाजता ऑफिसला निघताना २ अंश असतील, रस्ता दवाने ओला असेल आणि वर छान निळं आभाळ असेल, तरी तुमचं खोडरबर कडकच असतं. आणि दुपारचं तापमान बघून निर्णय घेऊ नका, तुम्ही गाडी ज्या वेळेला चालवता तेव्हाचं बघा.

नक्षी: बारीक चिरा आणि मोठ्या खाचा

आता बर्फाकडे येऊ. विंटर टायर हाताने तपासून बघा, फार मजेशीर प्रकार आहे. नक्षीतल्या रबराच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी बारीक चिरा दिसतील, इतक्या बारीक की लांबून नुसत्या रेघा वाटतात. अंगठ्याने ठोकळा जरा ढकला, वहीची पानं फिसकारावीत तशा त्या उघडतात. समर टायरवर हेच करून बघा, अंगठाच दुखेल.

या चिरांना साइप म्हणतात. जॉन साइप नावाच्या माणसाने १९२० च्या दशकात याचं पेटंट घेतलं. तो कत्तलखान्यात कामाला होता, ओल्या फरशीवर सारखा पाय घसरायचा म्हणून त्याने बुटाच्या तळव्याला चाकूने चिरा पाडल्या, अशी गोष्ट सांगतात. प्रत्येक चीर म्हणजे एक जास्तीची धार. टायर फिरताना या शेकडो धारा उघडतात आणि बर्फाला नखं लावल्यासारख्या धरतात.

मोठ्या खाचांचं काम वेगळं. मला आधी वाटायचं की खाचांनी बर्फ बाहेर फेकला पाहिजे. उलट आहे! विंटर टायर खाचांमध्ये बर्फ दाबून भरून घेतो, कारण बर्फाला बर्फ जितका चिकटतो तितकं रबर चिकटत नाही. ओल्या वाळूचे दोन गोळे एकमेकांवर दाबले की एक होतात ना, तसंच. त्यामुळे चालवून आल्यावर खाचांमध्ये पांढरं भरलेलं दिसलं तर टायर त्याचं काम करतोय.

तसा हा शोध काही आजकालचा नाही. फिनलंडमध्ये आज नोकियन नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९३४ सालीच ट्रकसाठी पहिला विंटर टायर काढला होता, गाड्यांसाठीचा दोन वर्षांनी आला.

मराठीत एकच बर्फ, रस्त्यावर दोन

आपल्याकडे शब्द एकच आहे, बर्फ, आणि त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. एक आभाळातून पडणारा भुसभुशीत, दुसरा रस्त्यावर पाणी गोठून तयार होणारा काचेसारखा. सोयीसाठी दुसऱ्याला मी काचबर्फ म्हणतो. हा फरक का महत्त्वाचा ते आकड्यांत बघा. ताशी ५० किलोमीटर वेग आहे आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर पुस्तकी घर्षणाचे ढोबळ आकडे घेऊन नुसतं ब्रेक लागल्यापासूनचं अंतर धरलं तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, ओल्यावर २० मध्ये, दाबलेल्या भुसभुशीत बर्फावर जवळपास ४९ आणि काचबर्फावर ९८. म्हणजे काचबर्फावर जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाइतकं अंतर, आणि हे सगळं ताशी ५० ला, हायवेचं तर बोलतच नाही.

आता यात चांगला टायर किती फरक पाडतो? समजा बर्फावर घर्षणाचा आकडा, म्हणजे पकडीचं माप, ०.२ होता तो ०.३ झाला, तर ४९ मीटरचे ३३ होतात. ऐकायला फार वाटत नाही, पण दोन गाड्या शेजारी शेजारी एकाच क्षणी ब्रेक मारताहेत असं समजा. ज्या जागी पहिली गाडी थांबली त्याच जागी दुसरी अजून ताशी २९ किलोमीटरने पुढे जात असते. तिथे पुढे कुणीतरी रस्ता ओलांडत असेल तर या आकड्याचा अर्थ काय ते सांगायला नको.

काचबर्फाबद्दल मात्र एक कडू गोष्ट. तिथे खिळे नसलेला कुठलाच टायर जादू करत नाही. विंटर टायर बरा, पण 'बरा' एवढंच. म्हणून उत्तर युरोपात खिळेवाले टायर चालतात, आणि ते कोरडा रस्ता उकरतात म्हणून जर्मनीसारख्या देशात त्यांना बंदी आहे.

मग ऑल सीझन काय प्रकार आहे

१९७७ मध्ये गुडइयरने टिएम्पो नावाचा टायर आणला, तेव्हापासून ऑल सीझन हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. कल्पना सोपी आहे, कंपाऊंड मध्यम, चिरा मध्यम, वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट नाही. यावर नेहमीचा आक्षेप म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पूर्वी त्यात बरंच तथ्य होतं. २०१५ मध्ये मिशेलिनचा क्रॉसक्लायमेट आला, मुळात समर टायर पण विंटरचं प्रमाणपत्र (त्याची खूण पुढे बघू) मिळवलेला, आणि नंतर या वर्गात बरीच सुधारणा झाली. तरीही तडजोड ती तडजोडच. कडक उन्हाळ्यात हायवेवर जोरात ब्रेक मारला तर समर टायर सहसा ऑल सीझनच्या आधी थांबतो, डोंगरात आठवडाभर बर्फात फिरायचं तर विंटर पुढे. ऑल सीझन मधल्या हवेसाठी आहे, जिथे उन्हाळा फार पेटत नाही आणि हिवाळ्यात बर्फ चार दिवस येऊन विरघळून जातो.

आणखी एक गंमत म्हणजे हा शब्द सगळीकडे सारखा वापरत नाहीत. युरोपात ऑल सीझन म्हणून मिळणाऱ्या टायरवर सहसा विंटरचं प्रमाणपत्र असतं. उत्तर अमेरिकेत मात्र कित्येक ऑल सीझन टायरवर ते नसतं, आणि प्रमाणपत्र असलेल्यांना तिथे ऑल वेदर म्हणतात. नावं जुळ्या भावांसारखी, स्वभाव वेगळे.

माझा स्वतःचा धडा इथलाच. सेकंडहँड गाडी घेतली, विकणारा म्हणाला ऑल सीझन आहेत, हिवाळा आरामात निघेल. मीही वाकून बघितलं नाही. पहिल्याच बर्फात एका छोट्याशा उतारावर, वेग असेल दहाच्या आसपास, मी ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरायला लागलं आणि गाडी अगदी शांतपणे, कसलीही घाई नसल्यासारखी, खाली जात राहिली. शेवटी फुटपाथच्या कडेला टेकून थांबली. घरी येऊन टॉर्चने बघितलं तर टायरवर प्रमाणपत्राची खूणच नव्हती.

टायरच्या कडेवर काय वाचायचं

म्हणून दुकानदार काय म्हणतो ते सोडा, टायरच्या बाजूच्या भिंतीवर काय कोरलंय ते वाचा. दोन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे.

पहिली, एम प्लस एस. मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच टाकते, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

दुसरी, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाची चांदणी. ही कमवावी लागते. दाबलेल्या बर्फावर ठरलेल्या संदर्भ टायरशी तुलना होते आणि ठराविक प्रमाणात सरस ठरला तरच ही खूण मिळते. उत्तर अमेरिकेत हे १९९९ पासून आहे. पण यालाही मर्यादा आहेत. अमेरिकन चाचणी मुळात टायर गाडीला पुढे किती जोराने खेचतो ते बघते, आणि काचबर्फाबद्दल ही खूण काहीच सांगत नाही. त्यासाठी युरोपात मे २०२१ पासून आलेल्या नव्या लेबलवर बर्फाच्या सुळक्याचं वेगळं चित्र असतं.

वाचतोच आहोत तर डीओटी या अक्षरांच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे पण बघून घ्या. ३६२३ म्हणजे २०२३ चा ३६ वा आठवडा, तेव्हा टायर बनला. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं, त्यामुळे सेकंडहँड सेट स्वस्तात मिळतोय म्हणून उड्या मारण्याआधी एवढं तरी बघाच.

'पण माझी फोर व्हील ड्राइव्ह आहे'

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त घात पण हाच करतो. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनचा जोर चारही चाकांना वाटते, म्हणून सिग्नलवरून गाडी मस्त निघते. पण ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतोच! थांबताना फोर व्हील ड्राइव्हचा काडीचा उपयोग नाही. उलट गाडी छान निघते म्हणून रस्ता छान आहे असा गैरसमज होतो, माणूस वेगात जातो, आणि खरं काय ते पहिल्या वळणावर कळतं. एबीएसचं पण तेच. ते चाकं जाम होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात ठेवतं, पण असलेली ग्रिप वापरतं, नसलेली कुठून आणणार. इलेक्ट्रिक गाड्या तर वजनाने जड आणि पेडल टेकवल्याबरोबर पूर्ण जोर देणाऱ्या, तिथे टायरवरचा ताण आणखी.

'दोनच घेतले तर? पुढच्या चाकांना'

नको. पुढची चाकं रस्ता धरतील आणि मागची सोडतील, म्हणजे वळणावर किंवा ब्रेक मारताना गाडीचा पार्श्वभाग पुढे यायला बघेल आणि गाडी गर्रकन फिरेल. चारही एकसारखे घ्या नाहीतर घेऊच नका.

'मग विंटरच बारा महिने ठेवतो की'

थंडीत मऊ राहणारं रबर उन्हात किती मऊ होईल याचा विचार करा. त्यात त्या सगळ्या बारीक चिरा, म्हणजे ब्रेक मारला की ठोकळे हलतात, गाडी डुलल्यासारखी वाटते, थांबायला जास्त अंतर लागतं आणि टायर खोडरबरासारखाच भराभर झिजतो. एखादा सेट संपत आला असेल आणि तो उन्हाळ्यात घासून टाकायचा असं काहीजण करतात, मला ते पटत नाही. पावसाळी रस्त्यावर झिजलेला टायर म्हणजे वेगळंच दुखणं, खाचांत पाण्याला जागा उरत नाही आणि टायर पाण्यावर तरंगतो.

'दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च'

सुरुवातीला खिशाला चटका बसतो हे खरंय. पण दोन सेट असले की एक झिजत असताना दुसरा विश्रांती घेत असतो, त्यामुळे प्रत्येक सेट जास्त वर्षं जातो. खरा जादाचा खर्च म्हणजे दोनदा बदलण्याची मजुरी, दुसऱ्या रिम घेतल्या तर त्या, आणि जागा. बाल्कनीत चार टायर ठेवायला घरचे परवानगी देतात का हा प्रश्न मी ज्याचा त्याच्यावर सोडतो.

कायदा काय म्हणतो

देशोदेशी वेगळं. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत, बाहेर ऊन पडलेलं असो नाहीतर नसो. जर्मनीत तारीख नाही, रस्त्यावर बर्फ किंवा हिवाळी निसरड असेल तेव्हा सक्ती, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फक्त डोंगर-चांदणीवालाच टायर धरतात, नुसतं एम प्लस एस चालत नाही. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी झाला तर सक्ती आणि विंटरची नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी. दुसऱ्या देशात गाडी घेऊन जाणार असाल तर तिथला नियम आधी बघा.

शेवटी घ्यायचा कुठला

मी लोकांना एकच प्रश्न विचारतो. वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही गाडी घरी ठेवू शकता का?

ठेवू शकत असाल, म्हणजे घरून काम करता किंवा बस-ट्रेन आहे, आणि हिवाळा सौम्य आहे, तर डोंगर-चांदणीवाले ऑल सीझन घ्या आणि निवांत राहा. हॉस्पिटलमध्ये शिफ्ट आहे, मुलांना सोडायचं आहे, रस्ता घाटाचा आहे, म्हणजे वाईट दिवशीही निघावंच लागतं, तर समर आणि विंटर असे दोन सेट, याला पर्याय नाही. आणि जिथे पारा ७ च्या जवळपासही जात नाही तिथे हा सगळा लेख करमणूक म्हणून वाचा, चांगला समर टायरच घ्या, उगाच ऑल सीझन छापलेलं बघून जास्त पैसे देऊ नका.

बदलल्यानंतरची कामं

थंडीत हवा आकसते. साधारण साडेपाच-सहा अंश उतरले की हवेचा दाब १ पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी, म्हणजे २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेली हवा उणे ५ ला २८ च्या आसपास येते, कुठेही पंक्चर नसताना. त्यामुळे पहिल्या थंडीत हवा चेक करा, आणि गाडी चालवून टायर गरम झाल्यावर नाही, सकाळी थंड असताना.

नक्षीची कायदेशीर किमान खोली बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी ४ च्या खाली गेलेला विंटर टायर नावापुरताच. चाकं बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा आवळून घ्या, हे दुकानदार सांगतात आणि आपण विसरतो.

काढलेले टायर धुवून वाळवून अंधाऱ्या थंड जागी ठेवा. रिमसकट असतील तर एकावर एक, नुसते असतील तर उभे. आणि काढतानाच प्रत्येकावर खडूने लिहा, पुढचा डावा, मागचा उजवा, कारण सहा महिन्यांनी चारही तुमच्याकडे सारख्याच चेहऱ्याने बघत असतात.